गोवर एकदाच, मग हिवताप पुन्हा पुन्हा का?

पाऊस सुरू झाला की या सदराच्या टपालात तापाचे प्रश्न वाढतात. यंदा आदिलाबाद जिल्ह्यातून आलेली पत्रे वाचताना जाणवले, की वेगवेगळ्या मंडलांतल्या वाचकांनी फिरून फिरून एकच गोष्ट विचारली आहे : एकदा झालेल्या रोगाची शरीर आठवण ठेवते, तर ती दर वेळी कामी का येत नाही? म्हणून या वेळचे सगळे प्रश्न याच विषयावरचे घेतले आहेत.

प्रश्न : आमच्याकडची म्हातारी माणसे सांगतात, गोवर एकदा येऊन गेला की जन्मात पुन्हा येत नाही. मलेरिया मात्र माझ्या वडिलांना तीन-चारदा झाला. शरीर एक रोग लक्षात ठेवते आणि दुसरा विसरते, असे का?
(महाविद्यालयीन विद्यार्थी, उटनूर)

उत्तर : म्हाताऱ्या माणसांचे म्हणणे बरोबर आहे आणि त्याचा पुरावा १८४६ सालापासून उपलब्ध आहे. उत्तर अटलांटिक समुद्रातल्या फेरो बेटांवर त्या वर्षी गोवराची साथ आली. जवळपास ७,८०० वस्तीपैकी सुमारे ६,००० माणसे आजारी पडली. पीटर पानुम नावाचा तरुण डॅनिश डॉक्टर तिथे गेला आणि त्याने गावोगावी चौकशी केली. त्या बेटांवर आधीचा गोवर १७८१ मध्ये येऊन गेला होता. मधली ६५ वर्षे रोगाचा मागमूसही नव्हता. तरीही १७८१ मध्ये लहानपणी गोवर सोसलेले जे वृद्ध पानुमला भेटले, त्यांच्यापैकी एकालाही तो दुसऱ्यांदा झाला नव्हता. म्हणजे आठवण ६५ वर्षे टिकली, आणि तीही मधे कुणी उजळणी करून न देता.

ही आठवण घडते कशी? आपल्या रक्तात आणि लसग्रंथींत पांढऱ्या पेशींचा एक प्रकार असतो, त्याला लसिकापेशी म्हणतात. या पेशींचे लाखो वेगवेगळे नमुने जन्मापासून तयार असतात आणि प्रत्येक नमुना एका ठरावीक आकारालाच चिकटू शकतो. गोवराचा विषाणू आत आला, की ज्या मोजक्या पेशींना त्याचा आकार जुळतो त्या झपाट्याने वाढू लागतात. त्यांतल्या काही प्रतिपिंडे तयार करतात, काही विषाणू शिरलेल्या पेशी मारतात. याला आठ-दहा दिवस लागतात आणि तेवढ्या अवधीत आपण आजारी पडतो. रोग हटल्यावर यांतल्या बहुतेक पेशी मरतात, पण थोड्या मागे राहतात. काही हाडांच्या मगजात बसून वर्षानुवर्षे प्रतिपिंडे सोडत असतात. पुन्हा तोच विषाणू आला तर आठ-दहा दिवसांचा उशीर होत नाही, आणि आपल्याला पत्ता लागण्याआधी त्याचा निकाल लागतो.

हे साधते, कारण गोवराच्या विषाणूला फारसे बदलता येत नाही. त्याची जनुके अवघी सहा. पेशीत शिरण्यासाठी त्याच्या अंगावर जी प्रथिने लागतात, त्यांत मोठा फेरफार झाला तर तो पेशीत शिरूच शकत नाही. १९५४ मध्ये बोस्टनजवळच्या एका शाळकरी मुलाच्या रक्तातून गोवराचा विषाणू वेगळा केला गेला. त्याच वाणापासून बनवलेली लस आजही आपल्या मुलांना नवव्या महिन्यानंतर आणि पुन्हा दीड वर्षाच्या सुमारास देतात, आणि ती आजच्या गोवराला रोखते.

म्हणून ‘एकदा येऊन गेला की बरे’ असे समजून लस मात्र टाळू नये. गोवराने न्यूमोनिया होतो, मेंदूला सूज येते, मुले दगावतात. शिवाय हा विषाणू नेमका आठवण सांभाळणाऱ्या पेशींवरच हल्ला करतो. नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या मुलांचे रक्त गोवरापूर्वी आणि गोवरानंतर तपासले, तेव्हा इतर रोगांविरुद्धची त्यांची ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडे नाहीशी झालेली आढळली. हा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वतःची आठवण पक्की ठेवून जाणारा गोवर बाकीच्यांची पुसून जातो.

आता मलेरिया, म्हणजे हिवताप. याला कारण होणारा प्लाझ्मोडियम हा विषाणू नाही आणि जिवाणूही नाही. तो एकपेशीय परोपजीवी आहे. त्याच्या पेशीत आपल्या पेशींसारखेच केंद्रक असते. त्यामुळे जिवाणूंवरची नेहमीची प्रतिजैविके देऊन तो बरा होत नाही, त्याची औषधे वेगळी. आपल्याकडे त्याच्या दोन जाती मुख्यतः दिसतात : फाल्सिपेरम आणि व्हायव्हॅक्स. फाल्सिपेरम जास्त धोक्याचा, मेंदूपर्यंत जाणारा मलेरिया त्याचाच. त्याचा जनुकसंच २००२ मध्ये पूर्ण वाचला गेला, तेव्हा सुमारे ५,३०० जनुके मोजली गेली. गोवराकडे सहा, याच्याकडे ५,३००. शरीराची अडचण इथून सुरू होते.

पहिली अडचण अशी, की तो आपल्या शरीरात एका रूपात राहत नाही. डासाच्या लाळेतून येणारे बारीक धाग्यासारखे रूप थोड्याच वेळात यकृतात शिरते. तिथे आठवडाभर वाढून हजारो पटींनी वाढलेले वेगळेच रूप बाहेर पडते आणि तांबड्या पेशींत घुसते. एका रूपाविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे दुसऱ्या रूपाला लागू पडतीलच असे नाही.

दुसरी अडचण तांबड्या पेशीची. शरीरातली जवळपास प्रत्येक पेशी आपल्या आत काय चालले आहे याचे तुकडे पृष्ठभागावर मांडून ठेवते. ते पाहून मारेकरी लसिकापेशी ओळखतात, की हिच्यात कुणीतरी शिरले आहे. पक्व तांबड्या पेशीत केंद्रकच नसते आणि हे तुकडे मांडण्याची सोयही नसते. परोपजीवी आत खुशाल वाढतो, बाहेर काहीच दिसत नाही.

तिसरी अडचण सगळ्यांत मोठी. परोपजीवी शिरलेली तांबडी पेशी ताठर होते. ती पाणथरीतून, म्हणजे प्लीहेतून गेली, तर तिथे गाळली जाते. पूर्वी एखाद्या गावात मलेरिया किती आहे हे पाहायला मुलांच्या पोटावर हात ठेवून वाढलेली पाणथरी चाचपत असत, ते यामुळेच. हे टाळण्यासाठी फाल्सिपेरम पेशीच्या पृष्ठभागावर एक चिकट प्रथिन उभे करतो आणि पेशीला बारीक रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटवून ठेवतो. हे प्रथिन मात्र बाहेरून दिसते, आणि शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडे बनवते. पण फाल्सिपेरम पक्का बहुरूपी आहे. या प्रथिनाची सुमारे साठ जनुके त्याच्याजवळ असतात आणि एका वेळी तो त्यांतले एकच वापरतो. शरीराने एक सोंग ओळखेपर्यंत काही परोपजीवी दुसरे चढवून बसलेले असतात. शिवाय शेजारच्या गावातल्या वाणाची साठ सोंगे आणखी निराळी.

म्हणून शरीर मलेरिया विसरते, असे म्हणणे पूर्ण खरे नाही. ते शिकते, पण हळूहळू आणि तुकड्यातुकड्यांनी. १९६१ मध्ये कोहेन आणि मॅकग्रेगर या संशोधकांनी गांबियात मलेरियाग्रस्त भागातल्या प्रौढांच्या रक्तातली प्रतिपिंडे वेगळी काढून आजारी मुलांना दिली, तेव्हा मुलांच्या रक्तातले परोपजीवी झपाट्याने कमी झाले. म्हणजे प्रौढांजवळ काहीतरी नक्की जमा झालेले होते. अशा माणसांच्या रक्तात परोपजीवी असतात, पण ताप कमी येतो किंवा येतच नाही. या अर्धवट प्रतिकारशक्तीला मात्र सतत उजळणी लागते. उटनूर भागात वाढलेला मुलगा कामासाठी चार-पाच वर्षे हैदराबादला राहिला आणि श्रावणात गावी परतला, तर त्याला बसणारा मलेरिया जोराचा असू शकतो. ‘मला तर लहानपणी दहा वेळा झालाय’ या भरवशावर त्याने राहू नये.

तुमच्या वडिलांबद्दल आणखी एक शक्यता आहे. मलेरिया व्हायव्हॅक्सचा असेल तर पुढचा ताप नव्या डासामुळेच आला असेल असे नाही. व्हायव्हॅक्सचे काही परोपजीवी यकृतात झोपून राहतात आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी उठतात. रक्तातला परोपजीवी मारणारी तीन दिवसांची गोळी त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. त्यांच्यासाठी प्रायमाक्विन १४ दिवस घ्यावे लागते. चौथ्या दिवशी ताप गेला म्हणून उरलेल्या गोळ्या फळीवर राहिल्या, तर मलेरिया परत येण्याची वाट आपणच मोकळी ठेवतो. हे औषध गर्भवतींना देत नाहीत आणि काही लोकांच्या रक्ताला ते सोसत नाही, म्हणून ते डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच घ्यावे.

प्रश्न : थंडी वाजून येणारा ताप एक दिवसाआड का येतो?
(शेतकरी, बोथ)

उत्तर : तांबड्या पेशीत शिरलेला परोपजीवी साधारण ४८ तासांत वाढून पेशी फोडतो आणि नवी पिल्ले पुढच्या पेशींत शिरतात. लाखो पेशी एकाच सुमारास फुटतात तेव्हा त्यांतला कचरा रक्तात येतो. तो पाहून पांढऱ्या पेशी जी रसायने सोडतात, ती मेंदूला शरीराचे तापमान वाढवायला सांगतात. मेंदूने ठरवलेल्या तापमानापेक्षा अंग थंड असते, म्हणून स्नायू थरथरून उष्णता तयार करतात. ती हुडहुडी. परोपजीवीचे फुटणे आणि तापाचे चढणे यांचा मेळ इटलीच्या कामिलो गोल्जी यांनी १८८०च्या दशकात घालून दाखवला.

पण जुन्या माणसांचा हा ‘एकांतरा’ ताप निदानाला धरू नका. फाल्सिपेरमचा ताप बहुधा असा ठेक्यात येत नाही. तो रोजही येतो, दिवसभरही राहतो. ‘एक दिवसाआड येतो का ते बघू’ म्हणून थांबण्यात जीव धोक्यात जाऊ शकतो.

प्रश्न : डास तर बारा महिने असतात. मग मलेरिया पावसाळ्यातच का वाढतो?
(शिक्षिका, बेला)

उत्तर : या उत्तराचा पहिला भाग तेलंगणातच सापडला. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादजवळच्या बेगमपेठेत रोनाल्ड रॉस या लष्करी डॉक्टरने, हुसेन खान नावाच्या मलेरियाच्या रुग्णाला चावू दिलेल्या डासांचे पोट सूक्ष्मदर्शकाखाली उघडले आणि पोटाच्या भिंतीत परोपजीवी पाहिला. चावून घेतल्याबद्दल हुसेन खानला दर डासामागे एक आणा मिळत असे. रॉस यांना १९०२ चे नोबेल मिळाले.

तुमच्या प्रश्नाचे मर्म मात्र डासाच्या वयात आहे. रुग्णाला चावलेली अ‍ॅनाफिलिसची मादी दुसऱ्याच दिवशी मलेरिया देऊ शकत नाही. परोपजीवीला तिच्या पोटात वाढून लाळेच्या ग्रंथींपर्यंत जायला, आपल्याकडच्या हवेत, साधारण १० ते १४ दिवस लागतात. तितके जगणेच बहुतेक डासांच्या नशिबी नसते. हिशेब करून पाहा. रोज शंभरातले ९० डास वाचतात असे धरले, तर बारा दिवसांनी २८ उरतात. रोज ८० वाचत असतील तर ७ उरतात. रोज ६० वाचत असतील तर हजारात दोनच. रोजच्या जगण्यात थोडा फरक, पण मलेरिया देऊ शकणाऱ्या डासांच्या संख्येत केवढा तरी. कोरड्या उन्हाळ्यात डास लवकर मरतात. पावसाळ्याच्या दमट हवेत ते जास्त जगतात आणि त्याच वेळी त्यांना अंडी घालायला पाणीही मुबलक असते.

हे पाणी गटारातले नव्हे. खेडोपाडी मलेरिया पसरवणारी अ‍ॅनाफिलिस क्युलिसिफेसिस ही जात नितळ, संथ पाण्यात वाढते : ओढ्यातली डबकी, कालव्याची झिरप, विहिरी, शेतातले खड्डे. डोंगरपायथ्याच्या झऱ्यांत फ्लुव्हिएटिलिस ही दुसरी जात वाढते. पैनगंगेकाठचा तुमचा भाग, सातनाला आणि मत्तडीवागू प्रकल्पांखालची शेती, इंद्रवेल्लीकडची जंगले आणि ओढे पाहिले, की या डासांना जागा शोधावी लागत नाही हे कळते.

हा डास रात्री चावतो, गुरांचे रक्तही पितो, आणि पोट भरल्यावर घराच्या किंवा गोठ्याच्या भिंतीवर टेकतो. भिंतींवर औषध फवारतात ते त्यासाठीच. फवारणीने सगळे डास मरण्याची गरज नसते. त्यांनी बारावा दिवस पाहू नये, एवढे पुरते. म्हणून फवारणीवाले आले की देवघर, धान्याची खोली आणि गोठा वगळायला सांगू नका, आणि फवारलेल्या भिंती लगेच सारवू नका.

प्रश्न : सिकलसेल असलेल्याला मलेरिया होत नाही, असे ऐकले. खरे आहे का?
(आशा कार्यकर्ती, इंद्रवेल्ली)

उत्तर : अर्धे खरे, आणि उरलेले अर्धे धोक्याचे. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या जनुकातले एकच अक्षर बदललेले असते. असे जनुक आई किंवा वडील यांच्यापैकी एकाकडून आले तर माणूस वाहक असतो आणि बहुधा निरोगी जगतो. दोघांकडूनही आले तर सिकलसेलचा आजार होतो.

१९५४ मध्ये अँथनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवले, की जिथे मलेरिया जास्त, तिथे वाहकही जास्त. वाहकाच्या तांबड्या पेशीत फाल्सिपेरम नीट वाढत नाही आणि अशी पेशी पाणथरी लवकर गाळून टाकते. त्यामुळे गंभीर मलेरियापासून वाहकाला मोठे संरक्षण मिळते. ही लसिकापेशींची आठवण नव्हे. ती एका माणसाच्या आयुष्यात घडते आणि त्याच्याबरोबर जाते. हे संरक्षण शेकडो पिढ्यांच्या जगण्यामरण्यातून रक्तात उरलेले आहे. आदिलाबादच्या आणि शेजारच्या विदर्भाच्या गोंड, परधान समाजांत हे जनुक आढळते, त्यामागेही जंगलातल्या मलेरियाचा जुना इतिहास आहे.

पण वाहकालाही मलेरिया होतो, फक्त तो जीवघेणा होण्याची शक्यता कमी. ज्याला सिकलसेलचा आजार आहे त्याच्यासाठी तर मलेरिया जास्तच घातक ठरतो. त्याची पाणथरी लहानपणीच निकामी होत जाते, म्हणून काही जिवाणूंचे संसर्गही त्याला झपाट्याने गाठतात. अशा मुलाला ताप आला तर एक रात्रही थांबू नये. दोन्ही जोडीदार वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत रक्ततपासणीवर भर आहे तो यासाठी. वाहक असणे हा दोष नाही आणि लपवण्याची गोष्ट तर मुळीच नाही, हे घरोघरी जाणाऱ्या तुमच्याच तोंडून लोकांना पटेल.

प्रश्न : डेंगू एकदा होऊन गेला म्हणजे सुटका झाली ना?
(दुकानदार, आदिलाबाद)

उत्तर : नाही, आणि दुसरी खेप जास्त त्रासाची असू शकते. डेंगूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. ज्या प्रकाराचा डेंगू झाला त्याविरुद्ध दीर्घकाळ संरक्षण मिळते. पुढे दुसऱ्या प्रकाराचा विषाणू आला, तर जुनी प्रतिपिंडे त्याला चिकटतात, पण निकामी करू शकत नाहीत. उलट त्यांना धरूनच विषाणू काही पांढऱ्या पेशींत सहज शिरतो. प्लेटलेट घटणे, रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपणे, रक्तदाब उतरणे हे प्रकार दुसऱ्या खेपेत जास्त दिसतात ते यामुळे. डेंगूचा एडिस डास दिवसा चावतो आणि कूलर, टाकी, टायर यांत साचलेल्या पाण्यात वाढतो. दुकानामागे टायर पडले असतील तर आजच उचला. तापात अ‍ॅस्पिरिन किंवा ब्रुफेन घेऊ नका.

प्रश्न : मलेरियाची लस निघाली म्हणतात. मग ती आपल्याकडे का देत नाहीत?
(वाचक, जैनद)

उत्तर : लसी दोन आहेत. आरटीएस,एस ही पहिली, तिची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये केली. दुसरी आर२१, ऑक्सफर्ड विद्यापीठाची, तिची शिफारस ऑक्टोबर २०२३ मध्ये झाली आणि ती पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते. दोन्ही लसी परोपजीवीचे एकच रूप दाखवतात : डासाकडून येऊन यकृताकडे निघालेले. तिथे तो अडला नाही तर तांबड्या पेशींतल्या सोंगांपुढे ही लस काही करू शकत नाही. शिवाय तिचा जोर काळाबरोबर उतरतो, म्हणून तीन डोसांनंतर चौथा द्यावा लागतो. मलेरियाने मुलांचे मृत्यू मोठ्या प्रमाणावर होतात त्या आफ्रिकी देशांत हाही फायदा फार मोलाचा आहे. भारताच्या लसीकरण कार्यक्रमात ती नाही. इथला भर तपासणी, औषध, मच्छरदाणी आणि फवारणीवर आहे, आणि २०३० पर्यंत मलेरिया हटवण्याचे उद्दिष्ट आहे.

हे उद्दिष्ट जवळ येत असताना एक जुना धडा लक्षात ठेवायला हवा. १९५३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंत देशातले रुग्ण वर्षाला सुमारे एक लाखावर आणले होते. मग लक्ष ढळले, औषधांना डास दाद देईनासे झाले, आणि १९७६ मध्ये ही संख्या ६४ लाखांवर गेली. मलेरिया कमी होतो तेव्हा लोकांच्या अंगातली ती अर्धवट प्रतिकारशक्तीही ओसरते. रुग्ण कमी झालेल्या गावात मलेरिया परतला, तर तो मुलांबरोबर मोठ्यांनाही तितक्याच जोराने गाठतो. म्हणून ज्या गावात दोन वर्षांत एकही रुग्ण सापडला नाही, तिथेही ताप आलेल्या प्रत्येकाचे बोट टोचून तपासणी व्हायला हवी. आशाताईंकडच्या किटवर पंधरा-वीस मिनिटांत निकाल कळतो. ताप आला त्याच दिवशी तपासा, आणि निदान झाले तर गोळ्या शेवटच्या दिवसापर्यंत घ्या.